दुसऱ्या नमुन्याचा आग्रह

लिव्हर फंक्शन टेस्टच्या रिपोर्टवर एसजीओटी अशी एक ओळ असते. घरात कोणाला कावीळ झाली की ती ओळ सगळ्यांच्या परिचयाची होते. या एन्झाइमला रोगनिदानात पहिलं स्थान मिळालं ते मात्र हृदयामुळे. १९५४ साली न्यूयॉर्कच्या जॉन लाड्यू, फेलिक्स व्रोब्लेव्स्की आणि आर्थर कारमेन यांनी 'सायन्स' या नियतकालिकात दाखवून दिलं, की हार्ट अटॅक आलेल्या रुग्णाच्या रक्तात या एन्झाइमची क्रियाशीलता काही तासांत वाढू लागते, साधारण दिवसभरात शिखर गाठते आणि चार-पाच दिवसांत पुन्हा पहिल्या पातळीवर येते. तोवर डॉक्टरांच्या हाती रुग्णाची तक्रार, ईसीजी आणि ताप, पांढऱ्या पेशी, ईएसआर अशा मोघम खुणा होत्या. आता हृदयाच्या स्नायूचा भाग मेल्याची रासायनिक साक्ष रक्तातून मिळू लागली. या गोष्टीला सत्तर वर्षं उलटून गेली, चाचण्या कितीतरी बदलल्या; पण त्या पहिल्या शोधातला गाभा आपल्याकडच्या रोजच्या व्यवहारात अजून नीट रुजलेला नाही. हार्ट अटॅकचं निदान रक्तातल्या आकड्याच्या चढउतारावर उभं असतं, आणि चढउतार कळायचा तर किमान दोन नमुने हवेत, ते कधी घेतले हे माहीत हवं आणि छातीत दुखायला कधी लागलं हेही माहीत हवं. एकाच नमुन्यावर 'आहे' किंवा 'नाही' असा निकाल लावून मोकळं होण्याची जी सवय पडली आहे, ती शास्त्राला धरून नाही आणि रुग्णाला महागात पडते.

हृदयाच्या पेशीत हजारो प्रकारची प्रथिनं असतात. पेशी फुटल्यावर ती सगळीच कमी-अधिक प्रमाणात रक्तात उतरतात. मग सुरुवात एन्झाइमपासूनच का झाली? कारण १९५४ साली रक्तातलं इतकं थोडं प्रथिन थेट मोजण्याची सोय नव्हती. एन्झाइम तेवढं आपल्या कामावरून पकडता येत होतं. एन्झाइमचा एक रेणू दर सेकंदाला कितीतरी रेणूंचं रूपांतर करतो आणि स्वतः खर्च होत नाही, त्यामुळे त्याचं अत्यल्प अस्तित्वही झालेल्या कामातून अनेक पटींनी मोठं होऊन दिसतं. कारमेन यांनी बसवलेली रीत आजही शिकवण्यासारखी आहे. रुग्णाच्या सीरममध्ये ॲस्पार्टेट आणि अल्फा-कीटोग्लुटारेट घालायचं. सीरममध्ये हे एन्झाइम असेल तर ते ऑक्झॅलोॲसिटेट तयार करतं. पण हा पदार्थ सहज दिसत नाही, म्हणून त्याच नळीत मॅलेट डिहायड्रोजनेज हे दुसरं एन्झाइम आणि एनएडीएच आधीच घालून ठेवायचं. ऑक्झॅलोॲसिटेट तयार होताक्षणी दुसरं एन्झाइम त्याचं मॅलेट करतं आणि तसं करताना एनएडीएच खर्ची पडतं. एनएडीएच ३४० नॅनोमीटर तरंगलांबीचा अतिनील प्रकाश शोषतं. ते खर्ची पडून उरणारं एनएडी तो शोषत नाही. त्यामुळे नळीतून पार होणारा प्रकाश मिनिटामिनिटाला वाढत जातो आणि त्या वाढीच्या वेगावरून मूळ एन्झाइम किती क्रियाशील होतं ते काढता येतं. आजच्या स्वयंचलित यंत्रांतही याच तत्त्वावर एसजीओटी मोजतात. चाचणीचं तंत्र इतकं नेमकं होतं, पण मोजलेली गोष्ट हृदयाच्या खास मालकीची नव्हती. हेच एन्झाइम यकृतात भरपूर असतं, स्नायूंत असतं, तांबड्या पेशींत असतं. ते उपलब्ध होतं, मोजता येत होतं म्हणून मोजलं गेलं. ही मर्यादा पहिल्यापासून ठाऊक होती, म्हणूनच जुने डॉक्टर एका आकड्यावर विसंबत नसत. रोज एक नमुना घेऊन आलेख काढत.

पुढची तीसएक वर्षं हृदयाचं अधिक खास असं एन्झाइम शोधण्यात गेली. १९५५ मध्ये एलडीएच आलं. ते उशिरा, दोन-तीन दिवसांनी शिखर गाठतं आणि आठवडाभराहून जास्त टिकतं. त्यामुळे चार दिवस दुखणं अंगावर काढून आलेल्या रुग्णात ते उपयोगी पडे. त्याचे पाच प्रकार वेगळे करता येऊ लागले तेव्हा लक्षात आलं, की एरवी रक्तात दुसरा प्रकार पहिल्यापेक्षा जास्त असतो आणि हृदयाला इजा झाली की हे नातं उलटतं. पण तांबड्या पेशी फुटल्या तरी तेच घडतं, आणि रक्त काढताना सुई नीट बसली नाही तर तांबड्या पेशी नळीतच फुटतात. मग क्रिएटिन कायनेज, म्हणजे आपल्या रिपोर्टवरचं सीपीके. ते चार-सहा तासांत वाढू लागतं, दिवसात शिखर गाठतं, तीन-चार दिवसांत उतरतं. त्याची अडचण साऱ्या शरीरभर पसरलेली, कारण हाडांवरच्या प्रत्येक स्नायूत ते ठासून भरलेलं असतं. पडल्यावर वाढतं, धावल्यावर वाढतं, थायरॉइड मंदावलं तर वाढतं. कमरेवर दुखण्याचं इंजेक्शन दिलं तरी वाढतं. छातीत कळ आल्यावर जवळच्या डॉक्टरांकडे जाऊन 'एक इंजेक्शन देऊन टाका' म्हणणं आपल्याकडे सर्रास चालतं, आणि त्या एका सुईने पुढच्या एन्झाइमच्या रिपोर्टचा अर्थ बिघडत असे. त्याहून वाईट म्हणजे पुढे रक्ताची गुठळी विरघळवणारं औषध द्यावं लागलं, तर त्या टोचलेल्या जागी रक्तस्राव होण्याचा धोका राही. तो आजही आहे.

यातून सीके-एमबी पुढे आलं. हृदयाच्या स्नायूतल्या क्रिएटिन कायनेजपैकी साधारण १५ ते २० टक्के एमबी प्रकाराचं असतं, हातापायांच्या स्नायूंत ते जेमतेम एक ते तीन टक्के. हा फरक मोठा आहे, पण तो शून्य आणि शंभरातला फरक नाही. शिवाय आपल्याकडच्या अनेक लॅबमध्ये सीके-एमबी मोजण्याची जी स्वस्त पद्धत चालते, ती नीट पाहण्यासारखी आहे. क्रिएटिन कायनेज दोन साखळ्यांचं बनलेलं असतं, एम आणि बी. या पद्धतीत एम साखळीला अडवणारी प्रतिपिंडं नळीत घालतात. एमएम पूर्ण बंद पडतं, एमबीचा अर्धा भाग चालू राहतो. जे काम उरतं ते मोजून त्याची दुप्पट करायची आणि तो सीके-एमबीचा आकडा म्हणून छापायचा. यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: रक्तात बीबी प्रकार नाहीच. मेंदूला इजा झाली असेल, काही कर्करोग असतील, किंवा मॅक्रो-सीके नावाचा एन्झाइम-प्रतिपिंडाचा निरुपद्रवी गुंता रक्तात फिरत असेल, तर तोही मोजला जातो आणि तोही दुप्पट होतो. मग रिपोर्टवर एकूण सीपीकेपेक्षा सीके-एमबी जास्त दिसतं. भाग अख्ख्यापेक्षा मोठा असू शकत नाही, हे त्या दोन ओळी शेजारी ठेवून वाचणाऱ्याला लगेच कळतं. पण 'सीपीके-एमबी वाढलेलं आहे' एवढीच ओळ वाचून घाबरलेला माणूस कॅथलॅबच्या दारात जाऊन उभा राहतो. हा आकडा खरा की खोटा, हे ठरवायचा सोपा मार्ग म्हणजे सहा तासांनी पुन्हा मोजणं. मॅक्रो-सीके सहा तासांनीही तिथेच असतं. मेलेल्या स्नायूचं एन्झाइम तिथे थांबत नाही.

सांगलीत पुराच्या दिवसांत आयर्विन पुलाजवळची पातळी फुटांत जाहीर होते. ४० फुटांवर पाणी आहे एवढं ऐकून तिथला कोणी माणूस सामान हलवायचं की नाही हे ठरवत नाही. तो लगेच विचारतो, चढतंय की उतरतंय? रक्तातल्या एन्झाइमचंही तसंच आहे, आणि हे काही आजचं शहाणपण नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९७९ च्या निकषांत एन्झाइमचा पुरावा निर्णायक मानण्यासाठी अट घातलेली होती, की लागोपाठच्या नमुन्यांत बदल दिसावा, किंवा आधी वाढ आणि मग उतार दिसावा; आणि हा बदल त्या-त्या एन्झाइमला आणि दुखू लागल्यापासून नमुना घेईपर्यंत गेलेल्या वेळेला साजेसा असावा. म्हणजे वेळ ही निदानाच्या व्याख्येतच बसवलेली होती. त्याच काळात सीकेच्या आलेखाखालचं क्षेत्रफळ मोजून हृदयाचा किती भाग गेला याचा अंदाज बांधण्याचे प्रयत्न झाले. नंतर गुठळी विरघळवणारी औषधं आली तेव्हा आलेखाचा आकारच बदलला. बंद पडलेली रक्तवाहिनी पुन्हा उघडली की मेलेल्या पेशींतलं एन्झाइम एकदम धुऊन रक्तात येतं आणि शिखर चोवीस तासांऐवजी बाराएक तासांतच गाठलं जातं. लवकर आलेलं उंच शिखर ही तेव्हा शुभवार्ता ठरू लागली. एकच उंच आकडा एका रुग्णात मोठ्या नुकसानीचा आणि दुसऱ्यात वेळेवर उघडलेल्या वाहिनीचा असू शकतो. वेळेचा धागा काढून घेतला तर या दोघांत फरक करणं शक्य नाही.

आता ट्रोपोनिनकडे येऊ, कारण एन्झाइमचं युग संपलं, आता वेगळी चाचणी आहे, असं उत्तर इथे कोणीही देईल. ते खरंच वेगळं आहे. ट्रोपोनिन एन्झाइम नाही. स्नायूचं आकुंचन नियंत्रित करणारं ते प्रथिन आहे, आणि ते मोजतात ते त्याच्या कामावरून नव्हे, तर प्रतिपिंडांनी पकडून. जपानचे सेत्सुरो एबाशी यांचं नाव या कथेत दोनदा येतं याचं मला फार अप्रूप वाटतं. १९५९ मध्ये त्यांच्या गटाने स्नायूंच्या ऱ्हासाच्या आजारात रक्तातलं क्रिएटिन कायनेज वाढतं हे दाखवलं, आणि १९६५ मध्ये त्यांनी आणि अयाको कोदामा यांनी ट्रोपोनिन शोधून काढलं. हृदयाच्या ट्रोपोनिन आय आणि टी यांची घडण इतर स्नायूंपेक्षा वेगळी असते, म्हणून १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांच्यावर खास हृदयाच्या चाचण्या उभ्या राहिल्या. अवयव ओळखण्याचा प्रश्न त्यांनी जवळजवळ सोडवला. २००० साली युरोप आणि अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी हार्ट अटॅकची व्याख्याच ट्रोपोनिनभोवती नव्याने बांधली. पण त्या व्याख्येत आणि पुढे २००७, २०१२, २०१८ च्या सुधारित जागतिक व्याख्यांतही 'वाढ किंवा उतार' हे शब्द कायम आहेत. २०१८ ची व्याख्या त्याच्या जोडीला हृदयाला रक्त कमी पडल्याची स्वतंत्र खूणही मागते: लक्षण, ईसीजीतला नवा बदल, इमेजिंगमधला पुरावा किंवा वाहिनीतली गुठळी. पातळी उंच आहे पण हलत नाही, तर त्याला हृदयाच्या स्नायूची जुनाट इजा म्हणायचं, हार्ट अटॅक म्हणायचं नाही, असं ती स्पष्ट सांगते.

चाचणी जितकी संवेदनशील होत गेली तितकी दुसऱ्या नमुन्याची गरज वाढली, हे पहिल्यांदा ऐकताना उलटं वाटतं. पण कारण सरळ आहे. जुन्या चाचण्यांना निरोगी माणसाच्या रक्तात ट्रोपोनिन दिसतच नसे. नव्या अतिसंवेदनशील चाचण्यांना बहुतेकांत ते दिसतं. मग उंच कशाला म्हणायचं? निरोगी लोकांतल्या ९९ व्या शतमानाच्या पलीकडचं, असं ठरलं. म्हणजे शंभर धडधाकट माणसांत एक तर व्याख्येनेच रेषेपलीकडे असणार. ही रेषा बाईची आणि पुरुषाची वेगळी असते; एका प्रचलित चाचणीत पुरुषासाठी ३४ आणि बाईसाठी १६ नॅनोग्राम प्रतिलिटर. सगळ्यांना एकच रेषा लावली तर बायकांचे अटॅक निसटतात. त्यात मूत्रपिंडं निकामी झालेला, हृदय कमजोर झालेला, रक्तात जंतुसंसर्ग पसरलेला किंवा फुप्फुसात गुठळी अडकलेला रुग्ण आला की ट्रोपोनिन अनेकदा आधीच वाढलेलं असतं. कोकणात तर याचं ठसठशीत उदाहरण आहे. लाल विंचवाच्या दंशाने शरीरात ॲड्रेनॅलिनसारख्या द्रव्यांचं वादळ उठतं आणि त्यात हृदयाच्या स्नायूला खरोखर इजा होते. एन्झाइम वाढतात, ईसीजीही अटॅकसारखा दिसू शकतो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी १९८० च्या दशकात 'लॅन्सेट'मधून या दंशाची लक्षणं आणि प्राझोसिन या औषधाचा उपयोग जगासमोर मांडला. तिथे रक्त हृदयाबद्दल खोटं बोलत नव्हतं. ते इजा सांगत होतं. कारण शोधलं ते रुग्णाच्या उशाशी बसलेल्या डॉक्टरांनी.

या भूमिकेवर आक्षेप आहेत, आणि त्यांतला पहिला वजनदार आहे. अतिसंवेदनशील चाचणीत एकाच नमुन्यावर अटॅक नाही असं म्हणायला आता युरोपीय मार्गदर्शक तत्त्वंही परवानगी देतात, मग दुसऱ्याचा हट्ट कशाला? हा आक्षेप मला मान्य आहे, पण त्यातली अट वाचल्यानंतर. पातळी फारच खाली असावी आणि दुखायला लागून तीन तासांहून जास्त वेळ झालेला असावा, तरच ती मुभा आहे. म्हणजे दुसऱ्या नमुन्यातून सूट मिळते ती वेळ विचारली आणि नोंदली म्हणून. आपल्याकडे मात्र ही सूट भलत्याच चाचणीला लावली जाते. तालुक्याच्या दवाखान्यात ट्रोपोनिनची कार्ड टेस्ट असते: रक्ताचे थेंब टाकायचे, पंधरा-वीस मिनिटांनी एक रेघ की दोन रेघा ते बघायचं. पातळी बरीच चढल्याशिवाय दुसरी रेघ उमटत नाही. पहाटे चारला कळ आली, पाचला रुग्ण आला, कार्डावर एकच रेघ दिसली, 'रिपोर्ट निगेटिव्ह आहे, पित्त असेल' म्हणून गोळी देऊन घरी पाठवला, हा सगळ्यांत घातक गैरवापर. त्या घडीला जगातला सर्वांत मोठा अटॅक चालू असला तरी ते कार्ड कोरंच राहिलं असतं. दुखणं नुकतंच सुरू झालेल्या माणसाला निगेटिव्ह कार्ड काहीच सांगत नाही, हे प्रत्येक कार्डाच्या पाकिटावर ठळक मराठीत छापलेलं असायला हवं.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा. खेड्यातून आलेल्या माणसाला तीन तास बसवून ठेवायचं, दुसऱ्यांदा पैसे भरायला लावायचे, हे परवडणार कसं? पण जिथे दुसरं रक्त परवडत नाही तिथे दुसरा ईसीजी परवडतो. आणि खरं तर ईसीजीवर एसटी भाग स्पष्ट उचललेला दिसत असेल तर पहिल्या रक्ताचीही वाट पाहायची नसते. तिथे एकेक मिनिट स्नायूचं असतं. पोहोचल्यापासून दहा मिनिटांत ईसीजी, हा जगभर मानलेला दंडक आहे आणि त्यात रक्ततपासणीला जागा नाही. गोव्याच्या स्टेमी प्रकल्पात छोट्या सरकारी केंद्रातला ईसीजी तज्ज्ञापर्यंत पोहोचतो, गुठळी विरघळवणारं औषध तिथेच दिलं जातं आणि मग रुग्णाला बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात हलवतात. ट्रोपोनिनचा रिपोर्ट येईपर्यंत थांबू, हे वाक्य अशा ठिकाणी उच्चारलंच जाऊ नये. रक्ताची खरी गरज आहे ती ईसीजी संदिग्ध किंवा साधा असलेल्यांना, मधुमेहामुळे कळ नीट जाणवत नाही त्यांना, म्हाताऱ्यांना, आणि धाप आणि घाम एवढंच सांगणाऱ्या बायकांना. यांचं निदान रक्ताशिवाय होत नाही. नुसत्या अनुभवी नजरेवर भागतं असं म्हणणाऱ्यांनी या माणसांचा विचार करावा. यांना कमीत कमी तीन तास ठेवून घेणं हा उपचाराचाच भाग आहे.

तिसरा आक्षेप नेमका उलट टोकाचा: जास्त तपासलं तर बिघडलं काय? बिघडतं. तक्रार नसलेल्या माणसाच्या 'कार्डियाक प्रोफाइल'मध्ये सीपीके, सीके-एमबी, एलडीएच, एसजीओटी आजही विकलं जातं. आज दुपारी अटॅक येतोय का, एवढंच सांगण्याच्या या चाचण्या. पुढच्या दहा वर्षांत तो येईल का याबद्दल त्या काही बोलत नाहीत. नॉर्मल आल्या तर बिडी ओढणाऱ्याला खोटा दिलासा मिळतो, वाढलेल्या आल्या तर आदल्या दिवशीच्या व्यायामापायी अँजिओग्राफी मागे लागते. अमेरिकेतल्या क्लिनिकल पॅथॉलॉजी तज्ज्ञांच्या संस्थेने २०१५ मध्येच सांगून टाकलं, की अटॅकच्या निदानासाठी सीके-एमबी करू नका, ट्रोपोनिन करा. आपल्या विमा नियामकाने गंभीर आजाराच्या पॉलिसीसाठी ठरवलेली व्याख्या या बाबतीत अनेक दवाखान्यांपेक्षा काटेकोर आहे. तिला लक्षणांचा इतिहास, ईसीजीतला नवा बदल आणि रक्तातली वाढ, तिन्ही लागतात. हृदयाला रक्त कमी पडल्याची उघड खूण नसताना नुसतं ट्रोपोनिन वाढलं तर ती त्याला अटॅक मानत नाही. पैसे देताना जेवढी काळजी घेतली जाते तेवढी निदान करताना घ्यायला काय हरकत आहे?

करायचं काय, तर फार मोठं काही नाही. आज लॅबच्या रिपोर्टवर नमुना घेतल्याची वेळ असते, पण दुखणं सुरू झाल्याची वेळ नसते, कारण ती तपासणीच्या चिठ्ठीवर कोणी लिहीतच नाही. ट्रोपोनिन किंवा सीके-एमबीच्या चिठ्ठीवर 'दुखणं कधी सुरू झालं' हा रकाना सक्तीचा करावा. तो कोरा असेल तर लॅबने फोन करून विचारावं. रिपोर्टवर पॉझिटिव्ह-निगेटिव्ह न छापता आकडा, बाई-पुरुषाची वेगळी मर्यादा, दुखण्यापासून गेलेले तास आणि पहिला नमुना असेल तर 'दुसरा नमुना अमुक वाजता' ही ओळ छापावी. पहिली पातळी आधीच चढलेली असेल तर दुसऱ्या रिपोर्टवर दोन्ही आकड्यांतला फरक टक्क्यांत द्यावा. वीस टक्क्यांहून जास्त हालचाल झाली तर ती गंभीरपणे घ्यायची, हा संकेत जगभर चालतो. रिपोर्टचा साचा तेवढा बदलायचा आहे. नवं यंत्र घ्यायचं नाही. आणि नातेवाइकांनीही कॅज्युअल्टीत रिपोर्ट नॉर्मल आहे का हे विचारण्याआधी दोन प्रश्न विचारावेत: रक्त कळ आल्यापासून किती तासांनी घेतलं, आणि पुन्हा कधी घेणार?